सीएनसीच्या सेन्सरला सुटणारी केबल: प्लग निसटला तर मशीनला कळलं पाहिजे

शिरोड्याला आमच्या घराच्या पडवीत एक छोटं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणारं मशीन आहे, ज्याला ३०१८ म्हणतात त्यातलं, म्हणजे टेबल साधारण ३० सेंटीमीटर बाय १८ सेंटीमीटर. त्यावर लाकडाच्या नावपाट्या, गणपतीच्या मखरासाठी अक्षरं, जाळ्या असलं काम होतं. पावसाळ्यात अडचण अशी की वारा सुटला की झड थेट पडवीत येते, ताडपत्री बांधली तरी येते, आणि मग मशीन उचलून माजघरात न्यायचं. मशीन काही जड नाही, एकट्याला उचलता येतं, पण वायरी! मोटरच्या, स्पिंडलच्या (कोरणारं पातं, म्हणजे बिट, फिरवतो तो), सेन्सरच्या सगळ्या कंट्रोलरच्या बॉक्समध्ये पक्क्या बसवलेल्या, त्यामुळे एका हातात मशीन, दुसऱ्या हातात बॉक्स आणि मध्ये वायरींचं लोंबतं जाळं, उंबरठा ओलांडताना एक तरी ओढली जाणारच. म्हणून ठरवलं की प्रत्येक केबलच्या मध्ये कनेक्टर टाकायचा, मशीन वेगळं, बॉक्स वेगळा.

मोटरच्या केबलचं काम सरळ झालं. सेन्सरचंही सरळच वाटलं, दोन-तीन वायरी तर आहेत, मध्ये कापायच्या, एकीकडे मेल एकीकडे फीमेल, झालं. मी तेच केलं आणि त्याच आठवड्यात १ मिलिमीटरचा बिट टच प्लेटमध्ये, म्हणजे बिट टेकवून लाकडाची उंची मोजायच्या धातूच्या तुकड्यात, घुसून मोडला, प्लेटला खड्डा पडला. प्लग अर्धा निसटला होता. बिट प्लेटला टेकला होता, पण ती बातमी बॉक्सपर्यंत पोचलीच नाही आणि मशीन खाली जात राहिलं. आमच्या शेजारी एक काका आहेत, आयुष्यभर पंपांचं वायरिंग केलेले, त्यांनी सगळं बघितलं आणि एवढंच विचारलं, "अरे, पण वायर सुटली तर मशीनीक कसा कळतला?"

कुठला कनेक्टर, किती पिनांचा, कुठे मिळतो हे सगळं नंतर येतं. आधी हा प्रश्न. कारण सेन्सरला सुटणारी केबल लावली की तुम्ही मशीनमध्ये एक नवीन बिघाड स्वतःच्या हाताने बसवताय, पूर्वी वायर तुटायला वर्षं लागली असती, आता ती रोज सुटू शकते, आणि सुटली की मशीनने थांबलं पाहिजे. चालू राहिलं तर वायरिंगच चुकीचं.

विहीर उपसताना बघितलं असेल तुम्ही. मे महिन्यात गाळ काढायला माणूस खाली उतरतो आणि वर उभा असलेला दर थोड्या वेळानं हाक मारतो, खालून 'ओ' येते. ओ आली म्हणजे ठीक. ओ आली नाही की लगेच दोरी ओढायची, का आली नाही ते नंतर बघू. आता याच्या उलट ठरवून बघा, की खालच्याने काही झालं तरच ओरडायचं, नाहीतर गप्प राहायचं. मग शांततेचे दोन अर्थ होतात, एक तर सगळं ठीक आहे, किंवा तो ओरडायच्या अवस्थेतच नाही, आणि वरच्याला या दोन्हीतला फरक कळायला मार्ग नाही.

सेन्सरचे दोन प्रकार नेमके असेच आहेत. नॉर्मली ओपन, म्हणजे एनओ, हा गप्प राहणारा, काही टेकलं तरच सर्किट जोडतो. नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एनसी, हा सतत ओ देणारा, सर्किट कायम जोडलेलं असतं आणि टेकलं की तुटतं. एनओच्या केबलचा प्लग काढला तर कंट्रोलरला जे दिसतं ते 'काही टेकलं नाही, चालू दे' असंच दिसतं. एनसीचा प्लग काढला तर ओ बंद होते आणि कंट्रोलरला वाटतं टेकलं, थांबा. सुटणारी केबल लावायची असेल तर एनसी. लिमिटच्या, म्हणजे मशीन टोकाला आल्याचं सांगणाऱ्या, साध्या बटणासारख्या स्विचला तीन पाय असतात, कॉमन, एनओ आणि एनसी, त्यात फक्त वायर एका पायावरून दुसऱ्यावर न्यायची, फुकटात काम होतं.

माझ्या मशीनला एक्स आणि वाय या दोन बाजूंना बटणाचे स्विच नाहीत, इंडक्टिव्ह सेन्सर आहेत, ते धातू जवळ आला की न टेकताच ओळखतात. आत एक कॉइल असते, तिच्यात सतत थरथरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत असतं, समोर धातू आला की त्या धातूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरायला लागतात आणि ते कॉइलची शक्ती खातात, कॉइल मंदावली की आतलं सर्किट म्हणतं धातू आला. सुकं लाकूड, भुसा, प्लास्टिक याचा त्याला काही फरक पडत नाही, म्हणून लाकडाच्या कामाला हा चांगला. बाजारात एलजे१२ए३ नावाने मिळतो तो लोखंड ४ मिलिमीटरवरून ओळखतो, पण ॲल्युमिनियमला हे अंतर निम्म्याहूनही कमी होतं, म्हणून मी मशीनच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर भरवसा न ठेवता एक लोखंडी स्क्रू लक्ष्य म्हणून लावलाय.

याला तीन वायरी. तपकिरी म्हणजे प्लस, निळी म्हणजे मायनस, काळी म्हणजे सिग्नल. हे रंग जगभर ठरलेले आहेत त्यामुळे एवढ्यापुरतं तरी डोकं लावायला नको (तरी स्वस्त माल असेल तर एकदा मीटर लावून बघाच). पाकिटावर एनपीएन की पीएनपी हेही लिहिलेलं असतं. एनपीएन म्हणजे काळी वायर आतल्या ट्रान्झिस्टरमधून निळीला, म्हणजे मायनसला, जोडली जाते नाहीतर सोडली जाते. छंदाच्या मशीनवर बहुतेक एनपीएनच असतात. नावाच्या शेवटी बीएक्स असेल तर तो एनपीएन एनओ, एएक्स असेल तर एनपीएन एनसी. दुकानात नाहीतर ऑनलाइन मागवताना बीएक्सच समोर येतो कारण तोच जास्त खपतो. मीही आधी तोच घेतला होता. सुटणाऱ्या केबलसाठी एएक्स घ्या, फरक एका अक्षराचा आहे आणि किंमत जवळपास तीच.

आता कंट्रोलरच्या बाजूने बघू. माझ्याकडे आर्डुइनो ऊनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड आहे आणि त्यावर जीआरबीएल, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, हे फर्मवेअर २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी सुरू केलं आणि आजही छोट्या मशीनांवर तेच सर्वात जास्त भेटतं. आर्डुइनोची पिन मोकळी सोडली तर ती हवेतला कुठलाही गोंगाट वाचते, म्हणून तिला आतून एका मोठ्या रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधून ठेवतात, त्याला पुलअप म्हणतात. म्हणजे कुणी काही केलं नाही तर पिन वर, हाय. कुणी मायनसला ओढली तर खाली, लो. दाराला लावलेल्या स्प्रिंगसारखं, ओढून धरलं तेवढा वेळ उघडं, सोडलं की बंद. एनसी सेन्सर पिनला सतत खाली ओढून धरतो. धातू आला की सोडतो, पिन वर. प्लग निसटला तरी पिन वर. काळी वायर तुटली तरी वर. तपकिरी तुटली, सेन्सरची वीजच गेली, तरी ट्रान्झिस्टर सुटतो आणि पिन वर. म्हणजे तिन्हीपैकी कुठलीही वायर गेली तरी कंट्रोलरला 'थांब' असंच ऐकू येतं. मला हे पहिल्यांदा कागदावर काढून नीट कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, इतकी साधी गोष्ट आणि किती काही सांभाळते.

जीआरबीएलला मात्र सांगावं लागतं की आता अर्थ उलटा झालाय. त्यासाठी सेटिंग $५=१. आणि चालू कामात प्लग निसटला तरी मशीन थांबावं असं वाटत असेल तर $२१=१ पण करा, तो हार्ड लिमिट, नाहीतर लिमिटचा सेन्सर फक्त होमिंगच्या वेळी, म्हणजे मशीन टोकाला जाऊन आपली सुरुवातीची जागा शोधतं तेव्हाच, विचारला जातो. यातला फरक बघा. एनओ असताना, हार्ड लिमिट बंद किंवा चालू, प्लग सुटलेला राहिला आणि होमिंग केलं, तर मशीन सेन्सर शोधत शोधत टोकाला जाऊन धडकतं आणि तिथे मोटर कडकड करत राहते, ठरलेलं अंतर संपल्यावर मग कुठे अलार्म ९ येतो. एनसी असताना प्लग सुटला तर मशीनला आधीपासूनच वाटतं आपण टोकावर आहोत, ते जरासं मागे सरकून बघतं, सेन्सर तरीही सुटत नाही, आणि अलार्म ८ देऊन उभं राहतं. काहीही मोडत नाही.

एक धोका इथे सांगितलाच पाहिजे. हे सेन्सर ६ ते ३६ व्होल्टवर चालतात, म्हणजे आपण त्यांना १२ किंवा २४ देतो, आणि आर्डुइनोची पिन ५ व्होल्टची. बऱ्याच स्वस्त सेन्सरांत काळी वायर आतून एका रेझिस्टरने तपकिरीला बांधलेली असते, त्यामुळे ट्रान्झिस्टर सुटला की काळीवर १२ किंवा २४ व्होल्ट चढतात आणि ते थेट पिनवर. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर लावायचा, पीसी८१७ नावाचा चार पायांचा काळा तुकडा, काही रुपयांत मिळतो. त्याच्या आत एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला उजेड पडला की चालू होणारा ट्रान्झिस्टर, दोन्हींमध्ये वायर नाही, फक्त उजेड. तपकिरीपासून रेझिस्टर, मग एलईडी, मग काळी. १२ व्होल्टला २.२ किलोओम, २४ ला ४.७ किलोओम, दोन्हीकडे साधारण साडेचार मिलीअँपिअर जातात, भरपूर झाले. सेन्सर ओ देत असतो तोवर एलईडी पेटलेला, पिन खाली. ओ बंद, एलईडी विझला, पिन वर. अर्थ तोच राहिला.

आता कनेक्टर. मी पहिल्यांदा जो लावला तो ३.५ मिलिमीटरचा ऑडिओ जॅक होता, हेडफोनचा, कारण घरात पडलेला होता, आणि हे बरेच जण करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या प्लगला टोक, मधली रिंग आणि मागची नळी असे तीन भाग असतात, आणि आत घालताना टोक आधी बाहेरच्या पत्तीला, मग मधल्या पत्तीला घासत घासत आपल्या जागी पोचतं. म्हणजे क्षणभर भलत्याच वायरी एकमेकांना जोडल्या जातात. गाण्याच्या आवाजात त्याचा एक कडकडाट होतो आणि संपलं, पण टोकावर १२ व्होल्ट असतील तर ते घालताना सिग्नलच्या वायरवर जातात आणि सेन्सरचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. दुसरं म्हणजे त्याला लॉक नाही, नुसता दाबून बसतो, स्पिंडल घूं करत फिरायला लागला की कंपनांनी हळूहळू मागे सरकतो. माझा तसाच सरकला होता. वीज नसलेल्या दोन वायरींच्या टच प्लेटला एक वेळ चालेल, तीन वायरींच्या सेन्सरला नकोच.

ड्युपॉन्टच्या त्या काळ्या चौकोनी टोप्या, ज्या आर्डुइनोच्या किटमध्ये येतात, त्याही बॉक्सच्या आत टेबलावर प्रयोग करायला ठीक, हलणाऱ्या मशीनवर नाही. जेएसटी-एसएम म्हणजे सजावटीच्या एलईडी पट्ट्यांना असतो तो खटका असलेला कनेक्टर, तो परवडणारा आहे आणि निसटत नाही, कोरड्या गावात मी तोच सुचवला असता. मी शेवटी जीएक्स१२ वर आलो, ज्याला दुकानदार एव्हिएशन कनेक्टर म्हणतात, धातूचा गोल, वरून आट्याची रिंग फिरवून आवळायचा. आणि पैसे थोडे जास्त घालता येत असतील तर एम१२, जो कारखान्यांतल्या सेन्सरांना असतो. त्यात पिन १ तपकिरी आणि ३ निळी हे ठरलेलं आहे, आयपी६७ दर्जा असेल तर धूळ जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी पाणी जात नाही. पण हा दर्जा फक्त जोडून घट्ट आवळल्यावरचा आहे. उघडा पडलेला एम१२ आणि उघडा पडलेला जेएसटी, खाऱ्या हवेला दोघंही सारखेच.

आणि खारी हवा हा आमच्याकडचा मुख्य विषय आहे. आमच्या शिरोड्याला मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला तो त्यामुळेच, आणि वेळागरचा किनारा जवळ, तेव्हा हवेतून मीठ येणं हे इथे सगळ्यांना पाठ आहे, खिडकीच्या गजांपासून सायकलच्या चेनपर्यंत. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सुटून ओलं होतं तेच. आता कनेक्टरच्या दोन पिनांच्या मध्ये जो प्लास्टिकचा भाग आहे, त्यावर डोळ्यांना न दिसणारा मिठाचा थर बसलेला आहे. हवा कोरडी असताना तो काहीच करत नाही. आर्द्रता चढली की तोच थर खारं पाणी होतो, आणि खाऱ्या पाण्यातून वीज जाते. म्हणून हा बिघाड पकडायला इतका त्रास देतो, पाऊस लागला की सेन्सर वेड्यासारखा वागतो, दोन दिवस ऊन पडलं की आपोआप बरा, आणि आपण मध्ये सेन्सर बदलून, वायर बदलून मोकळे झालेले असतो.

आकड्यात बघा. आर्डुइनोचा आतला पुलअप २० ते ५० किलोओमचा असतो, म्हणजे फार कमजोर स्प्रिंग. समजा ३० धरला आणि पिनांमधल्या ओल्या मिठाच्या थरातून १० किलोओमची गळती झाली, तर पिनवर ५ ऐवजी सव्वा व्होल्ट उरतो, आणि दीड व्होल्टच्या खाली आर्डुइनो 'लो' वाचतो. कुणी हातही लावला नाही आणि पिन खाली गेली! टच प्लेटला याचा अर्थ 'टेकलं' असा होतो आणि एनसी स्विचला 'सगळं ठीक' असा. हा दुसरा अर्थ जास्त वाईट, कारण एनसी तुटलेल्या वायरीला पकडतो पण शॉर्ट झालेल्या वायरीला पकडत नाही, विहिरीत दुसऱ्याच कुणी ओ दिल्यासारखं होतं ते. म्हणून मी चार पिनांचा जीएक्स१२ घेतला आणि काळी व निळी शेजारी ठेवली नाहीत, गोलात काळी, तपकिरी, निळी आणि एक रिकामी पिन अशी लावली, म्हणजे काळीची गळती आधी तपकिरीकडे होते आणि त्याने नुकसान नाही. शिवाय ऑप्टोकपलरच्या एलईडीला समांतर एक १ किलोओमचा रेझिस्टर टाकला, त्यामुळे पहिला सव्वा मिलीअँपिअर त्या रेझिस्टरमधून निघून जातो आणि थोड्याशा गळतीने एलईडी पेटत नाही.

साफ करायची पण एक पद्धत आहे. सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोल मारतात, मीही मारायचो, पण मीठ त्या अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, नुसतं इकडचं तिकडे पसरतं. आधी डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते, त्यात कापसाची काडी बुडवून पुसायचं, मग अल्कोहोल, ते पाण्याला घेऊन उडून जातं. मग सुकल्यावर पिनांच्या बुडाशी सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी थोडं. लोकांना वाटतं ग्रीसने वीज अडेल, पण पिन आत घुसताना घासून ग्रीस बाजूला करते आणि धातूला धातू लागतो, ग्रीस फक्त भोवतालची हवा नि ओल अडवतं. मी जूनच्या आधी आणि गणपती झाल्यावर असं वर्षातून दोनदा करतो.

धातूचंही बघावं लागतं. आपल्या आज्यांना हे सगळं माहीत होतं, पितळेच्या भांड्याला कल्हई नसली तर ताक कळकतं. कनेक्टरच्या पिनाही पितळेच्या नाहीतर तांब्याच्या आणि त्यावर कथलाचा म्हणजे कल्हईचाच थर, किंवा पातळ सोन्याचा. कथलाच्या थराची अडचण अशी की मशीनच्या कंपनांनी दोन पिना एकमेकींवर केसाएवढ्याही नाही इतक्या बारीक घासत राहतात, दर घासण्याला ताजा धातू उघडा पडतो, तो गंजतो, त्याची भुकटी तिथेच साठते आणि काही महिन्यांनी जोड दिसायला घट्ट पण आतून नुसती भुकटी. सोन्याच्या थराला हे जवळजवळ होत नाही, पण एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथील असं मिसळू नका, ते सगळ्यात वाईट. आणि कंपनं जोडापर्यंत पोचूच द्यायची नाहीत, कनेक्टरपासून दोन-तीन सेंटीमीटरवर केबल फ्रेमला टायने बांधून टाकायची.

सोल्डर करताना कल्हईवाल्याचा नवसागर जसा तसा पत्र्याच्या कामाचा ॲसिड फ्लक्स वापरू नका, तो मागे राहतो आणि आतून वायर खातो. राळेचा फ्लक्स, म्हणजे रोझिन, तोच. सोल्डर वायरीच्या धाग्यांत वर चढतं तिथपर्यंत वायर काडीसारखी कडक होते, आणि जिथे कडकपणा संपतो नेमकी तिथेच ती पुढे तुटते, म्हणून त्या जागेवरून श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळते ती नळी) चढवा आणि जीएक्स१२ च्या मागे जो केबल पकडायचा क्लॅम्प असतो तो आवळा, ओढ केबलच्या सालीवर यायला पाहिजे, सोल्डरवर नाही. मोटरला मी मुद्दाम जीएक्स१६ लावलेत, मोठे, म्हणजे घाईत सेन्सरचा प्लग मोटरच्या सॉकेटमध्ये जाणारच नाही. आणि वीज चालू असताना कुठलाच प्लग काढू नका, मोटरचा तर अजिबात नाही, चालू मोटरची वायर सोडली की तिच्या कॉइलमधली साठलेली शक्ती ड्रायव्हरवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या चिपवर, उलटते आणि ए४९८८ सारखा ड्रायव्हर तिथेच जातो. सेन्सरची केबल मोटर आणि स्पिंडलच्या वायरींपासून लांबून न्या, जाळीवाली केबल असेल तर जाळी फक्त बॉक्सच्या बाजूला मायनसला जोडा, दोन्हीकडे नाही.

राहिली टच प्लेट, जिने हे सगळं सुरू झालं. ती म्हणजे एक ॲल्युमिनियमचा तुकडा, वायरीने कंट्रोलरच्या प्रोबच्या, म्हणजे टेकलं का ते बघणाऱ्या, पिनला जोडलेला, आणि बिटला एक क्रोकोडाइल क्लिप, ती मायनसला. बिट टेकला की सर्किट पुरं, पिन खाली, मशीन थांबतं आणि लाकडाची उंची कळते. ही स्वभावानेच एनओ आहे. टेकेपर्यंत गप्प. तिला एनसी करता येत नाही असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

पण करता येतं, प्लेटपर्यंत एकाऐवजी दोन वायरी नेल्या तर. बॉक्समध्ये ५ व्होल्टपासून ४७० ओमचा रेझिस्टर, तिथून पहिली वायर कनेक्टरमधून प्लेटवर. प्लेटवरून दुसरी वायर परत कनेक्टरमधून प्रोबच्या पिनला. आणि पिनपासून मायनसला २.२ किलोओमचा रेझिस्टर. आता बघा, सगळं जोडलेलं आहे आणि बिट वर आहे तेव्हा ५ व्होल्ट प्लेटवरून फिरून पिनवर येतात, पिनवर चार व्होल्टच्या थोडं वर, म्हणजे हाय. बिट टेकला की प्लेट मायनसला गेली, पिन लो, नेहमीसारखं. आणि प्लग निसटला, किंवा दोनपैकी कुठलीही वायर तुटली, तर ५ व्होल्टची येजा बंद, २.२ किलोओमचा रेझिस्टर पिनला खाली ओढतो, आतला कमजोर पुलअप त्याच्यापुढे टिकत नाही, पिनवर फार तर अर्धा व्होल्ट, म्हणजे लो, म्हणजे 'टेकलं'. प्रोब करायची, म्हणजे बिट टेकेपर्यंत खाली जायची, जी३८.२ ही कमांड दिली की जीआरबीएल आधीच बघतो की प्रोब टेकलेला तर नाही ना, आणि टेकलेला दिसला तर मशीन जराही न हलवता अलार्म ४ देतो. सेटिंग काही बदलायची नाही, फर्मवेअर पुन्हा टाकायचं नाही, दोन रेझिस्टर आणि एक जास्तीची वायर.

एक जागा तरीही उघडी राहते, ती म्हणजे बिटवरची क्लिप. ती लावायची राहिली तर प्लेट बिचारी ५ व्होल्टवर तशीच बसून राहते. स्पिंडलच्या बेअरिंगमधून वीज जाईल असा भरवसा ठेवू नका, कधी जाते कधी जात नाही. म्हणून प्रोब करायच्या आधी प्लेट हाताने उचलून बिटला टेकवायची आणि स्क्रीनवर बघायचं, प्रश्नचिन्ह पाठवलं की जीआरबीएल ज्या पिना चालू आहेत त्यांची अक्षरं दाखवतो, त्यात प्रोबचं 'पी' आलं पाहिजे आणि प्लेट काढली की गेलं पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे.

असंच सगळ्या सेन्सरांचं नवीन वायरिंग झाल्यावर एकदा करून बघा. स्पिंडल बंद, बिट काढलेला, मशीन मधोमध. एकेक प्लग काढायचा (या एका चाचणीपुरता, फक्त सेन्सरचा, मोटरचा नाही) आणि स्क्रीनवर त्याचं अक्षर येतं का बघायचं, एक्सचा काढला तर एक्स, वायचा काढला तर वाय. मग प्लग जोडून केबल हलवायची, वाकवायची, कनेक्टरपाशी बोटाने टिचकी मारायची, अक्षर लुकलुकलं तर जोड कच्चा आहे. मी तिसऱ्या दिवशी वायचा एक पाय असाच पकडला, सोल्डर बाहेरून चकचकीत आणि आतून वायर नुसती टेकलेली.

काकांना दाखवायला म्हणून पुन्हा एकदा केलं. मशीन होमिंगला निघालं होतं, त्यांनी स्वतः रिंग सैल करून वायचा प्लग ओढला आणि मशीन टोकाला न धडकता अलार्म ८ देऊन उभं राहिलं. त्यांनी प्लग परत लावला, रिंग आवळली, आणि म्हणाले आता पंपाच्या मोटरच्या फ्लोट स्विचला (पाण्याची पातळी बघणाऱ्या) पण असंच करून दे, आमचो पण वायर सुटल्यार चालूच रवता.